चाळीस कॅनचं वाण

पस्तिशीत मी फार शहाणी होते. गावात तसं कुणी म्हणत नव्हतं, पण माझी मला पक्की खात्री होती. बोरी बुद्रुकच्या शिवारात आमची द्राक्षाची बाग होती, दारात स्कूटर होती आणि मी सातवी पास. बायका माहेरची पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायच्या. मी वाचता वाचता दोन ओळी पदरच्या घालायचे. एकीला तिच्या आईच्या पत्रातून मी सासूशी नीट वागायला सांगितलं होतं. ती सासू माझी मावशी लागायची.

अशा बाईच्या डोक्यात संक्रांत शिरली की काय होतं ते सांगते.

आमच्याकडं संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. सवाष्णींना बोलवायचं, हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि हातात एखादी वस्तू ठेवायची. ते वाण. कुणी गाळणी देतं, कुणी आरसा, कुणी साबणाची डबी. नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून द्यायचं-घ्यायचं असं सगळ्या म्हणतात. खरं तर कुणी काय दिलं ही चर्चा होळीपर्यंत पुरते. आदल्या वर्षी सरपंचाच्या बायकोनं स्टीलची वाटी दिली होती. जाड, बुडाला नाव घातलेली. ती वाटी वर्षभर माझ्या घशात अडकून बसली होती.

त्याच थंडीत औषध कंपनीचे साहेब आमच्या बागेवर येत असत. फवारायच्या विषाला आमच्याकडं औषधच म्हणतात. साहेब म्हणजे पंचविशीतला पोरगा, पायात बूट आणि बुटांना आमच्या बागेची माती. कंपनीनं आमच्या बागेत फुकट फवारणी करून दाखवली होती, आणि आमच्यासारख्या आणखी बऱ्याच बागांत. एकदा चहा घेता घेता मी त्याला म्हटलं, यंदा वाणाला काय द्यावं सुचत नाही. त्यानं बशी खाली ठेवली.

"वहिनी, आमच्या गोडाउनच्या मागं रिकामे कॅन पडलेत. पाच लिटरचे. असलं जाड प्लास्टिक बाजारात मिळणार नाही. झाकण असं, की उलटं धरलं तरी थेंब गळत नाही. तुम्ही न्या, माझी जागा मोकळी होईल."

त्या बिचाऱ्याला वरून कुणीतरी विचारत असणार, मागचा ढीग कधी हलवतोस म्हणून. तो ढिगातून सुटला, मी वाटीतून सुटले. दोघांनाही वाटलं आपण समोरच्यावर उपकार केला.

गोडाउन पुणे-नाशिक रस्त्याला, पेठच्या जवळ. पेठ माझं माहेर. हे फार सोयीचं पडलं, कारण चाळीस जुने कॅन बोरीत उतरवले असते तर संध्याकाळच्या आत सगळ्या गावाला कळलं असतं. भावानं ते टेम्पोत घालून स्वतःच्या मळ्यात नेले. मी दोन दिवस माहेरपणाला गेले. भावजय आणि मी पंपाजवळ बसून सोडा, राख आणि काथ्या घेऊन एकेक कॅन घासला. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघायचं. ते पाटानं पुढं कांद्याच्या रोपात जायचं. हातांचा वास साबणानं जाईना, तेव्हा आम्ही दोघींनी पिठलंभात चमच्यानं खाल्ला, आणि आपण कशा मडमा झालो म्हणून पोट दुखेपर्यंत हसलो.

तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेचं रोप माना टाकून पडलं होतं. भाऊ म्हणाला, करपा आला. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, करप्यावर कोणतं औषध मारावं तेही त्याला सांगितलं.

कॅन देताना साहेबानं चिठ्ठ्यांचा एक गठ्ठाही दिला होता. मागं गोंद लावलेल्या, रंगीत. वर पतंग, तिळगुळाची वाटी, "मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा" आणि खाली कंपनीचं नाव. म्हणाला, "ही नेमकी छापील जागेवर लावा. म्हणजे जुनं आहे ते दिसणार नाही."

छापील जागेवर एक तिरपा चौकोन होता. अर्धा लाल. वरच्या भागात कवटी आणि "विष" हा शब्द. बाजूला बारीक अक्षरांत मजकूर होता. मी तर किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. पहिल्याच कॅनवरचा मजकूर मी सगळा वाचला. रिकामा डबा दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये, मोडून जमिनीत पुरावा, असं त्यात होतं. वाचलं, आणि वर पतंग चिकटवला. बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्यानं नीट दाबून बसवला. मग उरलेले एकोणचाळीस.

अडाणी असते तर आज सांगायला काहीतरी असतं.

बोरीत येताना टेम्पोतच ठरवलं की हे पुण्याहून, बोहरी आळीतून, विकत आणले असं सांगायचं. कारण वाण पदरमोड करून द्यावं लागतं. फुकटचं दिलं तर ते देणारीलाही लागत नाही आणि घेणारीलाही, असं माझी सासू सांगायची. सासू तेव्हा ओट्यावर बसलेली असायची आणि तिचे कान फार चांगले होते.

हळदीकुंकवाचा दिवस मी विसरणार नाही. बायका कॅन उचलून बघत होत्या, झाकण फिरवून बघत होत्या. सरपंचाची बायको दोनदा म्हणाली, "लई जाड हाय गं." मला वाटलं, आता मी मेले तरी चालेल. सगळ्यात पहिला कॅन मी धाकट्या जावेच्या हातात दिला. तिच्या लग्नाला तेव्हा वर्ष होत होतं. घरातलं तिचं ते पहिलं वाण. तिनं दोन्ही हातांनी घेतला, घरी जाऊन देवापुढं ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि चिठ्ठी भिजू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली. बाकीच्यांनी घरी नेला. तिनं देव्हाऱ्यात नेला.

एक कॅन मी गावाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिथं बौद्ध कुटुंबातली एक बाई राहायची, अंगणवाडीत मदतनीस. ते लोक हळदीकुंकू करत नाहीत, आणि करत असते तरी आम्ही तेव्हा त्यांना ओटीवर बोलावलं नसतं. पण माझं मन केवढं मोठं हे कुणाला तरी दिसायला नको का? तिच्या दाराबाहेर उभी राहून मी कॅन पुढं केला. तिनं झाकण काढलं आणि नाक आत घातलं.

"ताई, यात आधी काय व्हतं?"

"काही नाही. नवा आहे."

"नव्याला असा वास येत न्हाई," असं म्हणून तिनं झाकण लावलं, कॅन पदरानं पुसला आणि मला परत दिला. पाणी पिऊन जा म्हणाली. मी प्यायले नाही. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की या लोकांना दिलेल्याची किंमत नसते. त्या दिवशी अख्ख्या गावात नाक तिला एकटीलाच होतं.

मग वर्षं गेली. कॅन मात्र जाईनात. कुणी त्यात तेल ठेवलं, कुणी शेतावर ताक न्यायला घेतला, कुणी डिझेल भरलं, कुणी वरून कापून कोथिंबीर लावली. रस्त्यानं जाताना कुणाच्या हातात माझा कॅन दिसला की मी मनात म्हणायचे, बघा, सरपंचीणबाईंची वाटी आहे का कुठं? बाग पुढं काढली, तिथं टोमॅटो आले. मुलगा चाकणच्या कंपनीत लागला. आमचे मालक चार वर्षांपूर्वी गेले, छातीत कळ आली आणि गेले. त्यांच्यामागं मी हळदीकुंकवाला जायची थांबले. कुणी येऊ नको म्हणत नाही. बोलवत नाहीत, एवढंच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मंचरला मशीनवर जावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं, पाणी दिवसाला मोजून, आणि तेही स्वच्छ, फिल्टरचं. ग्रामपंचायतीजवळ फिल्टरची टाकी आहे, कार्ड लावलं की पाणी पडतं. माझी जाऊ रोज सकाळी तिथं जाते आणि नवऱ्यासाठी पाणी भरून आणते. कशात? घरात ज्याचं झाकण सगळ्यात घट्ट, ज्यात धूळ जात नाही, ज्याला तिनं ताका-तेलाला वापरतानाही पंचवीस वर्षं देवासारखं जपलं, त्या कॅनमध्ये.

तिचा रस्ता माझ्या ओट्यावरून जातो. मी तिला रोज बघत होते. मी काय करत होते? मी ओट्यावर बसून मशेरी लावत होते. एकदाही माझ्या मनात आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आलं. थुंकून टाकलं.

गेल्या दिवाळीच्या आधी घर आवरताना नातीनं माळ्यावरून माझा स्वतःचा कॅन काढला. चाळिसातला एक मी ठेवला होता, त्यात घेवड्याचं बी होतं. नात ओतूरच्या कॉलेजात शिकते. तिनं ओल्या फडक्यानं पुसला आणि पंचवीस वर्षांचा पतंग सुटून तिच्या हातात आला. ती खाली बसून वाचायला लागली. माझ्यासारखीच आहे, हातात येईल ते वाचते.

"आजी, ह्यात विष होतं."

"असेल गं. जुनं आहे."

"तुला माहीत होतं?"

"न्हाई बाई."

बासष्टाव्या वर्षी, नातीच्या तोंडावर. किती सफाईनं आलं ते. तिनं मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "धाकटी आजी ह्यातच तर पाणी आणते."

त्या दिवशी मी उठून सरळ जावेकडं जायला हवं होतं. चार घरं सोडून तिचं घर. पण जिथं आधी जायचं तिथं मी शेवटी गेले. मनाला सांगितलं, सगळ्यांचे गोळा करू, म्हणजे तिला वेगळं काही वाटणार नाही. नातीला बरोबर घेतलं आणि निघाले घरोघर.

बऱ्याच घरांतले कॅन फुटून उकिरड्यात गेले होते, काही चुलीत गेले होते. सोळा सापडले. एकीनं डिझेल ओतून दिला. एकीनं विचारलं, "बदल्यात काय देणार?" सरपंचीणबाईंकडं गेले, तर तिनं फळीवरून कॅन काढला आणि त्यात लिंबाचं लोणचं. वर्षानुवर्षं त्यातच घालते म्हणाली.

"ह्यात औषध व्हतं," मी सांगितलं.

ती कॅनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अन् दर उन्हाळ्यात बरणी घेऊन लोणचं मागायला कोण यायचं?"

मीच जायचे. कधी दोन बरण्या घेऊन.

अंगणवाडीवाली बाई आता निवृत्त झालीय. दोरीत ओवलेले कॅन घेऊन आम्ही दोघी जाताना तिला दिसलो. ती दारात तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "आता आला व्हय वास, ताई?" मी थांबले. तिनं पाणी आणून दिलं. या वेळी प्यायले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "पाणी गोड आहे." ती म्हणाली, "फिल्टरचं हाय."

गोळा तर केले. आता टाकायचे कुठं? घंटागाडीवाला म्हणाला, द्या की. त्याची गाडी कुठं रिकामी होते ते मला ठाऊक आहे: नदीकडच्या उतारावर. तिथं पेटवतात आणि तो धूर आम्हीच खातो. भंगारवाला आला, त्यानं कॅन वाजवून बघितले आणि खूश झाला. "असले आता बनत न्हाईत, आज्जी. धुऊन दिले की दूधवाले हातोहात नेतात." तो गेल्यावर मी विळीवर धरून सोळाही कॅनला भोकं पाडली. हाताला फोड आला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा भोकं बघून हळहळला.

मग ओतूरला गेले. त्या कंपनीची औषधं तिथं ज्या दुकानात मिळायची ते दुकान अजून आहे, गादीवर मुलगा बसतो. नातीनं एक कॅन पिशवीत घेतला होता. त्यानं लांबूनच हात जोडले.

"आज्जी, आमचं काम विकायचं. परत घ्यायचं काम कंपनीचं."

"कंपनी कुठं आहे?"

"ही कंपनीच आता ऱ्हायली न्हाई. दुसरीनं घेतली. हा घ्या नंबर."

नातीनं फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडची मुलगी हिंदीत गोड बोलत होती. माताजी, बैच नंबर बताइए. मी सांगितला, कारण पतंगाखाली तो जसाच्या तसा होता. तिनं विचारलं, डिब्बा तीन बार धोया था? मी म्हटलं, बाई, इतका धुतला की माझ्या भावाचं कांद्याचं रोप जळालं. ती म्हणाली, आपकी शिकायत दर्ज हो गई है.

आठवड्यानं खरंच एका साहेबाचा फोन आला. हा मराठी बोलणारा, आवाजावरून वयस्कर, आणि बोलायला चांगला होता. म्हणाला, "आजी, तुमची तळमळ समजते. पण रिकाम्या डब्याची विल्हेवाट वापरणाऱ्यानं लावायची असते. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं आहे."

मला वाटलं, सापडला. म्हटलं, "त्या लेबलवर तुमच्याच कंपनीची चिठ्ठी आहे. संक्रांतीची. तुमच्याच माणसानं दिलेली."

 त्यानं अगदी हळू विचारलं, "आणि चिकटवली कुणी?"

नात शेजारीच बसली होती. फोन मोठ्या आवाजावर होता. मी फोन ठेवून दिला.

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, हीच अडचण आहे. सगळं खोटं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या. विष त्यानं केलं, डबा त्यानं केला, ढीग त्यानं केला, तो हलवायला माझ्यासारखी हावरी बाई शोधली ती त्याच्या माणसानं, चिठ्ठीही त्यानंच छापली. अंगठा माझा. आता तो माझा अंगठा पुढं करून आपले दोन्ही हात मागं लपवत होता. नात उठून आत गेली आणि कणीक मळायला लागली, जी सकाळीच मळून ठेवलेली होती.

मग एकच घर उरलं होतं.

जाऊ दारात मेथी निवडत होती. कॅन आत ओट्यावर होता, भरलेला, त्यावर वाटी पालथी. मी सरळ विषयाला हात घातला.

"तो कॅन दे मला. त्यात औषध होतं."

"पंचवीस वर्षं झाली, बाई. औषध का आता ऱ्हातंय त्यात?"

"राहतं की नाही ते मला माहीत नाही. पण सोळा जणींनी दिला. तूही दे. मी स्टीलचा डबा आणून देते."

"त्या डिझेल भरत व्हत्या. मी वाण म्हणून ठेवलाय." ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. "घेतलेलं वाण परत देत्यात का कधी? ह्यांचं असं चाललंय. मशीनवर दिवस काढतोय माणूस. अशात मी घरातनं वाण बाहेर काढू?"

"अगं, त्यांच्यासाठीच म्हणते."

तेव्हा तिनं वर बघितलं. आवाज चढवला नाही. ती माझ्याशी कधीच आवाज चढवून बोललेली नाही.

"तुमचं गेलं, बाई. आता माझं न्यायला आलात व्हय?"

मी परत आले. चार घरांचं अंतर, पण चपला हातात धरून आले ते घरी पोचल्यावर कळलं. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते, जरा मोठ्यानं. आत खाटेवर माझे दीर होते. ते लग्नात मला "वहिनी, हसा की" म्हणणारे, आमच्या बागेत तोंडाला नुसतं उपरणं बांधून पंधरा वर्षं फवारा मारणारे. दिवसाला दोन तांबेसुद्धा पाणी नाही त्यांना, आणि ते या कॅनमधून.

पुढचे पंधरा दिवस ती रोज सकाळी कॅन घेऊन माझ्या ओट्यावरून गेली. मान वळवली नाही. नात म्हणाली, आपण धाकट्या आजोबांना सांगू. म्हटलं, नको, ते तिला बोलतील आणि ती त्यांच्यापासून चोरून तोच कॅन वापरील. ही माझी जाऊ आहे. मला माहीत आहे. ती विषाला भीत नाही, ती वाण परत जाण्याला भिते. मग तिच्या हातातून कॅन काढून उपयोग नाही. त्यातलं वाण काढायला हवं. ते कसं काढायचं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि म्हणून तर मी पंधरा दिवस ओट्यावर बसून होते.

संक्रांत झाली. तिच्याकडं हळदीकुंकू ठेवलं होतं. दुपारी बायका जमल्या. मी पांढऱ्या कपाळानं गेले आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले.  कुणीतरी म्हणालं, "या की बाई, बसा." कुठं बसा ते कुणी सांगितलं नाही.

मी उभ्यानंच बोलले. म्हटलं, मी दिलेले ते कॅन बोहरी आळीतले नव्हते. मी ते विकत आणले नव्हते. पेठजवळच्या गोडाउनच्या मागच्या कचऱ्यातून फुकट आणले, माहेरी धुतले, आणि वरचं विष वाचून त्यावर चिठ्ठ्या लावल्या. वाचून. माझ्या पदरचा त्यात काही खर्च नव्हता. फुकटचा कचरा दिला. ते वाण नव्हतंच. ज्यांनी घेतलं त्यांना ते लागलं नाही आणि परत केल्यानं कुणाचं काही जात नाही. जायचं ते मी खोटं बोलले तेव्हाच माझं गेलं.

शेवटचं वाक्य मी ठरवून आले नव्हते.

 मग सरपंचीणबाई, जिला आता गुडघ्यांमुळं खुर्ची लागते, खुर्चीतून म्हणाली, "तरी मला वाटलंच व्हतं. हिचा हात कवा एवढा सैल झाला?" दोघी-तिघी हसल्या. मला त्या हसण्याचा आधार वाटला. जाऊ हसली नाही. हातातली कुंकवाची कोयरी तिनं शेजारणीकडं दिली आणि आत गेली. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ, कॅन भरलेला होता. रिकामा कॅन आणून तिनं उंबऱ्यावर ठेवला. माझ्या हातात दिला नाही.

"ह्यांना त्यानंच झालं का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"पंचवीस वर्षं आमी त्यात ताक न्हेलं, तेल ठेवलं. त्यानंच झालं का, तेवढं सांगा."

मी पुन्हा तेच म्हटलं. पुढच्या वेळी ते मंचरला गेले तेव्हा ती डॉक्टरांना विचारून आली, आणि तिनं नातीला सांगितलं, मला नाही. डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. साखर आहे, दुखण्याच्या गोळ्या आहेत, इतक्या वर्षांची फवारणी आहे, त्यात पाण्याचंही असेल. एकावर बोट ठेवता येत नाही.

कंपनीच्या साहेबानं हे ऐकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं. क्षणभर छाती हलकी झाली, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सतरावा कॅन मी फोडला नाही. तो आणि बाकीचे सोळा पडवीत आहेत. माझा स्वतःचा धरून अठरा. नात अर्ज लिहिते, पंचायतीला, तालुक्याला, त्या नव्या कंपनीला. पोच येते. गाडी येत नाही. पाहुणे विचारतात, हे काय? मी सांगते, माझं कर्तृत्व.

जाऊ आता स्टीलच्या कळशीतून पाणी आणते. कळशी डोक्यावर, वर फडकं बांधलेलं. माझ्याशी बोलत नाही. पण मी दिरांना बघायला जाते तेव्हा दार उघडते आणि पाट मांडते. मागच्या आठवड्यात गेले तर ती त्यांना पाणी देत होती, फुलपात्रात मोजून. त्यांनी दोन घोट घेतले, तोंडात घोळवले आणि फुलपात्र बाजूला धरलं.

"पाणी बदललं का गं?"

"का?"

"पयल्यासारखं लागत न्हाई. चवच न्हाई ह्याला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी बघा बरं वहिनी पिऊन."

जावेनं माझ्याकडं बघितलं. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच. मी फुलपात्र हातात घेतलं, आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.